अतियाने शिक्का नाकारला

कसर सबखा शहराच्या वेशीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला कत्तलखाना होता, आणि तिथे अतिया तीस वर्षं सुरी चालवत होता. माणूस फटकळ. गिऱ्हाइकाने चरबी जास्त आहे म्हटलं की तो मांस परत ओढून घ्यायचा आणि मागच्याला पुढे बोलवायचा. तरी लोक त्याच्याकडेच जात, कारण त्याचा गेरूचा शिक्का असलेलं जनावर कधी रोगट निघालं नव्हतं.

त्याचं वैर पाहुण्यांशी होतं. हे पाहुणे कुठून येत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चिलखत घालून चौकातल्या हौदापाशी उठायचे आणि शिकारीला निघायचे. रानात मेले, तरी दुसऱ्या सकाळी त्याच हौदापाशी धडधाकट उभे. त्यांना ना भूक, ना घरदार. टेकडीवरची एकशिंगी रानगाढवंही तशीच. आज कापली, की उद्या तितकीच पुन्हा चरायला हजर. पाहुणे पोती भरभरून मांस आणत आणि मिळेल त्या भावाला बाजारात टाकून जात. पाच दिरहमांना रत्तलभर मिळणारं मांस दीड दिरहमावर आलं. शहर खूश होतं.

उम्म सहम धनगरीण दर महिन्याला नव्या चंद्राला कळप घेऊन यायची. त्या खेपेला तिने भाव ऐकला आणि मेंढरं वेशीतूनच वळवली.

"माझ्या मेंढीला वाढायला दोन वर्षं लागतात, अतिया," ती म्हणाली. "टेकडीवरच्या गाढवाला एक रात्र. तुझं शहर गाढवंच खाऊ दे."



पुढच्याच आठवड्यात बाजाराचा अंमलदार इब्न हज्जाझ कत्तलखान्यात आला. पाहुण्यांनी आणलेल्या मांसावर शिक्का नसल्यामुळे श्रीमंत घरं ते घेत नव्हती, आणि अतियाने तो मारून द्यावा असा त्याचा हुकूम होता.

"ज्याच्या मानेवर मी हात ठेवला नाही, ज्याच्यावर देवाचं नाव घेतलं नाही, त्यावर माझा शिक्का बसणार नाही, हुजूर."

"मग तुला शिक्का कशाला हवा?" असं म्हणून अंमलदाराने तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी अतियाला गाढवावर उलटं बसवून, गळ्यात जबड्याचं हाड अडकवून बाजारभर फिरवलं. स्वस्त मांसाच्या मुळावर उठलेला खाटीक, अशी दवंडी पुढे चालली होती. ज्यांची पोरं त्याच्या हातच्या मांसावर वाढली, ते दारात उभे राहून हसले. शेजारच्या दलीलाने कलिंगडाची सालं फेकली. एक त्याच्या कानावर बसलं. त्याने मान वळवली नाही, पण कोण कोण हसतंय ते नीट बघून घेतलं.

मग एका सकाळी हौदापाशी कोणीच उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाहुणे जसे आले तसे गेले. महिन्याभरात मांस चौदा दिरहमांवर चढलं आणि पुढे तेही मिळेना. शहरातले तिघे भाले घेऊन रानगाढवं मारायला टेकडीवर गेले, दोघे परतले. न परतलेला तिसरा दलीलाचा मुलगा. ती तीन दिवस हौदाच्या पायरीवर बसून राहिली, पाण्याकडे बघत.

लोक अतियाच्या दाराशी जमले. धनगरीण फक्त तुझंच ऐकेल म्हणू लागले. त्याने आतून कडी लावली. संध्याकाळी तो हौदावरून गेला, दलीलाला बसलेली पाहिली आणि घरी आला. पहाटे त्याने खेचरावर खोगीर घातलं.

तळावर उम्म सहमने त्याला ताक दिलं आणि विचारलं, "ज्यांनी गाढवावर बसवलं त्यांच्यासाठी आलास?"

"त्यांच्यासाठी नाही. हात रिकामे राहिलेत."

तिने चाळीस मेंढरं दिली, सात दिरहमांच्या खाली एक रत्तलही विकायचं नाही या अटीवर.

कत्तलखान्यात इब्न हज्जाझ वाट बघतच होता. भाव चार, असं त्याने जाहीर केलं. अतियाने सुरी पुसली आणि तो कळपाला परत रानाकडे वळवायला लागला. तेवढ्यात मांसासाठी लागलेल्या रांगेतून पुटपुट सुरू झाली, कोणीतरी अंमलदाराच्या पायाशी थुंकलं. इब्न हज्जाझने शिक्का ठोकळ्यावर ठेवला आणि तो निघून गेला.

अतियाने सगळ्यांना सातच्या भावाने मांस दिलं.  कोणी नमस्कार केला की तो तराजूकडे बघायचा. दलीला शेवटी आली.

"त्या दिवशी सालं मी फेकली होती," ती म्हणाली.

"माहीत आहे. किती देऊ?"

तिने अर्धा रत्तल मागितला. एकटीपुरतं.