फॉर्मवरचा सातवा प्रश्न

रक्त द्यायला आलेल्या माणसाला आम्ही अकरा प्रश्न विचारायचो. कावीळ झाली होती का, मलेरिया, टायफॉइड, कसली औषधं चालू आहेत का, असे साधेच. सातवा तेवढा अवघड. गेल्या काही महिन्यांत बायकोखेरीज आणखी कुणाशी संबंध आला होता का?

नवऱ्याची दिल्लीला बदली झाली, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं आणि मी गुडगावच्या एका नव्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत डॉक्टर म्हणून लागले. तेव्हाचं गुडगाव म्हणजे अर्धी शेतं आणि अर्ध्या क्रेन. चार्टर्ड बसमधून उतरलं की काचेची इमारत, तिच्यामागे मोहरीचं शेत आणि शेताच्या कडेला पुढच्या काचेच्या इमारतीचा खड्डा. हॉस्पिटलला नव्या रंगाचा वास होता आणि रक्ताची फार गरज होती.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीची तपासणी व्हायचीच. पण एचआयव्हीची लागण नुकतीच झालेली असली तर ती तपासणीत काही आठवडे दिसतच नसे. तेवढ्या दिवसांपुरता भरवसा फक्त विचारण्यावर आणि समोरच्याने खरं सांगण्यावर. म्हणून मी प्रत्येकाला पडद्यामागे एकट्याला बसवून विचारायची. ट्रक ड्रायव्हर, सिक्युरिटी गार्ड, टाय लावलेली कंपनीतली मुलं, सगळ्यांना. "बाहर किसी से संबंध?" असं कंडक्टरने तिकीट विचारावं तसं विचारून मोकळी व्हायची. लोक आधी चपापायचे आणि मग सांगायचे. हॉस्पिटलातल्या इतर डॉक्टरणी लाजतात आणि आपण लाजत नाही, याची मला चांगलीच घमेंड होती.

त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाने गणेशोत्सवात रक्तदान शिबिर घ्यायचं ठरवलं. घरची डॉक्टर म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं. सरोजिनी नगरजवळच्या एका शाळेचा हॉल मिळाला. मी आदल्या आठवड्यात बजावून सांगितलं होतं की प्रश्न विचारायला आडोसा पाहिजे, एक पडदा तरी लावा. सकाळी जाऊन बघते तर पडदा होता, पण तो मखराच्या मागे लागलेला. कार्यकर्ते म्हणाले, वहिनी, सगळी आपलीच तर माणसं आहेत. मीही हसले आणि उघड्या हॉलमध्ये टेबल मांडून बसले.

अकराच्या सुमाराला माझी एक मैत्रीण नवऱ्याला घेऊन आली. ती आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून राहायची. दर संक्रांतीला एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाणं, मुलांची शाळेची ने-आण वाटून घेणं, असं आमचं होतं. तिचा नवरा त्याच वर्षी सरकारी नोकरी सोडून एका परदेशी कंपनीत लागला होता. पगार वाढला, टूर वाढले आणि मैत्रिणीची त्याच्याबद्दलची तक्रार एवढीच होती की तो घरी जेवायला नसतो. मी त्यांना भाऊजी म्हणायची. ते समोर बसले आणि ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

मी एकेक विचारत गेले. कावीळ नाही, मलेरिया नाही, औषध काही नाही. सातव्या प्रश्नाशी आले आणि जीभच रेटेना. हिंदीत मी तो प्रश्न शेकडो परक्यांना विचारला होता. मराठीत तो कधी उच्चारलाच नव्हता. आणि आता तो भाऊजींना विचारायचा, त्यांच्या बायकोसमोर, गणपतीपासून दहा पावलांवर? शेजारी मैत्रीण सांगत होती की या वर्षी उकडीचे मोदक फसले. मी "हो का" म्हणाले, सातव्या प्रश्नापुढे स्वतःच "नाही"च्या चौकटीत खूण केली आणि आठवा विचारला. भाऊजींनी माझ्या पेनकडे पाहिलं. त्यांनी पाहिलेलं मला दिसलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांच्या रक्ताची तपासणी स्वच्छ आली. पिशवी आमच्या रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये गेली आणि मी विसरून गेले.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला भाऊजी रक्तपेढीत आले, एकटेच. कंपनीने विमा काढायचा म्हणून सगळ्यांची तपासणी केली होती. त्यात त्यांना एचआयव्ही निघाला होता. त्यांनी हातातला लिफाफा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुमच्याकडे रक्त दिलं होतं. ते कुणाला गेलं, ते बघा."

मी दार लावून घेतलं आणि वर्षभर उशिराने सातवा प्रश्न विचारला. मराठीत. शिबिराच्या तीन आठवडे आधी ते टूरवर होते, हे त्यांनी लगेच सांगितलं. मला संताप आला. मग रक्त का दिलंत, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"वहिनी, ही शेजारी बसली होती," ते म्हणाले. "उठून गेलो असतो तर घरी जाऊन काय सांगणार होतो? एकट्याला बोलावून विचारलं असतं तर सांगितलं असतं. नसतंच दिलं."

माझा संताप जागच्या जागी विझला. पुढे मैत्रिणीची तपासणी झाली, तिला काही नव्हतं. पण ती पुन्हा माझ्या घरी आली नाही.

रजिस्टरमध्ये पिशवीचा नंबर सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती आमच्याच हॉस्पिटलात बाळंत झालेल्या एका मुलीला दिली होती. तिचं वय फॉर्मवर एकवीस होतं. पहिलं बाळंतपण, खूप रक्तस्राव, त्या पिशवीने तिचा जीव वाचला होता. सासर जवळच्याच गावातलं, त्यांच्या शेतावर आता बिल्डरचा बोर्ड होता.

रक्तपेढीचे प्रमुख असलेल्या माझ्या साहेबांनी तिला नेहमीची तपासणी म्हणून बोलावून घेतलं. तिला लागण झाली होती. नवरा आणि बाळ दोघांनाही काही नव्हतं. बाळाचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी खुर्चीत बसून रडले. पण साहेबांनी घरच्यांना नुसता आजार सांगितला, तो कुठून आला ते सांगितलंच नाही. हॉस्पिटल नवीन आहे, बोभाटा होईल, आणि फॉर्म तर बिल्कुल ठीक आहे, त्यावर सगळीकडे 'नाही'च आहे, असं ते मला समजावत राहिले. त्या सगळ्या खुणा माझ्या हातच्या होत्या. एक तर न विचारताच केलेली. मी मूग गिळून बसले.

नवरा निरोगी आणि बायको आजारी, याचा त्या घराने जो अर्थ लावायचा तो लावला. दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी एकटीच रक्तपेढीच्या दारात उभी राहिली. तिला माहेरी पाठवून दिलं होतं आणि बाळ सासूने ठेवून घेतलं होतं. तिने मला विचारलं की असा आजार रक्तातूनही येतो का, कारण तिने दुसरं काही केलेलंच नाही. मी हो म्हणाले. तुम्हाला दिलेल्या रक्तातूनच आला, आमच्याकडूनच आला, असंही सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दीदी, लिखकर दे दो."

हे मी लगेच करायला हवं होतं. समोर कागद होता, पेन होतं. पण मी साहेबांना विचारते म्हणाले, कारण नोकरी जाईल अशी मला भीती वाटली. साहेबांनी अर्थातच नाही म्हटलं. मी आणखी पाच दिवस घालवले. सहाव्या दिवशी घरी बसून सगळं लिहिलं, खाली सही केली, एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि तिच्या माहेरी गेले. नोकरी गेलीच, पण त्याचं दुःख मला कधी झालं नाही.

तिला वाचता येत नव्हतं. अंगणात खाटेवर बसून मीच तिला ते पत्र वाचून दाखवलं. रक्त देणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला नाही, त्याच्या वतीने मीच उत्तर लिहिलं, या मुलीचा काही दोष नाही. तिचे वडील मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर तिने तो कागद माझ्या हातातून घेतला. मग तिने विचारलं, "पूछने में कितना टाइम लगता?"

"एक मिनट," मी म्हणाले.

वडील तो कागद घेऊन तिच्या सासरी गेले. सासरच्यांनी तो गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतला. मुलीवरचा आळ मागे घेतला, तिच्या वडिलांपुढे हातही जोडले. पण आजार आहे तो आहेच म्हणाले, आणि मूल दिलं नाही.

हे मला तिनेच सांगितलं. दुसऱ्या एका सरकारी दवाखान्यात मी तिचे उपचार सुरू करून दिले होते, तिथे ती दर महिन्याला यायची. त्या दिवशी नंबर येईपर्यंत आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. मी डॉक्टर आहे म्हणून तिने फक्त एवढंच विचारलं, "तेरह महीने में बच्चे चलने लगते हैं ना?"

मी म्हणाले, हो, लागतात.