दाराखाली दोन बोटं फट

"दाराखाली दोन बोटं फट पाहिजे, अक्का," बाथरूममधून इलेक्ट्रिशियन आईला सांगत होते. बाहेर माझा लॅपटॉपवरचा हात थांबला.

असे इलेक्ट्रिशियन तुम्हीही पाहिले असतील, हातापेक्षा तोंड जास्त चालणारे. हे नजरबादचे, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले मराठी. गेल्या वर्षी वारले. प्रत्येक वाक्याला कन्नडमधलं "अल्वा?", म्हणजे "हो ना?", जोडून समोरच्याकडून हो वदवून घ्यायचे. मी कधीच हो म्हटलं नाही.

वायरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून त्यावर स्वतःची चप्पल अडकवायचे. "दुसऱ्याच्या चपलेला कोण हात लावतो, अल्वा?"

आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर, म्हणून एक्झॉस्ट फॅन बसवायचा होता. त्याचं बटण त्यांनी दाराबाहेर लावलं. ओले हात लागू नयेत, म्हणाले. मला वाटलं, म्हणजे बाहेरून कुणीही बंद करू शकेल.

मग पेटीतून उदबत्ती काढून पेटवली आणि पंखा चालू ठेवून दार लावलं. धूर आतच घुटमळला. दार उघडताच पंख्याकडे धावला. "वारं आत आलं नाही तर पंखा ओढणार काय? गीझर बाहेर काढा, नाहीतर उद्या येऊन दार खालून कापतो."

गीझरचं पुढच्या महिन्यात बघू, अप्पा म्हणाले. मला धूर दिसलाच नाही, फक्त फट दिसली. परक्या पुरुषाला आमच्या बाथरूमच्या दाराखाली फट कशाला हवी?

दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन आले तेव्हा आई देवळात गेली होती. मी गेटवरच सांगितलं, आई नको म्हणतेय. आईला सांगितलं, ते आलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी आई आंघोळ करताना बेशुद्ध पडली. दार तोडून बाहेर काढलं. गॅसमुळे, डॉक्टर म्हणाले. थोडक्यात वाचली.

ती घरी आल्याचं कळताच ते सफरचंदं घेऊन भेटायला आले. अप्पांनी त्यांना दारातच अडवलं. येतो म्हणून आला नाहीत, आता या गल्लीत तुम्हाला कोण काम देतं ते बघतो, असं बरंच बोलले. शेजारी बाहेर येऊन ऐकत होते.

त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "चुकलं माझं, साहेब."

मी अप्पांचा हात धरला.

"ते आले होते, अप्पा. मीच खोटं सांगून परत पाठवलं."