वाळूत उपडी केलेली कढई

शारजाच्या फ्लॅटमध्ये मी सुरमई तळत होतो. लेक ओट्याशी इतिहास वाचत होती. अँग्लो-सॅक्सन समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आले आणि तिथली भांडी, भाषा, सगळंच बदललं म्हणे. "बाबा, डिड दे किल एव्हरीवन?" तिनं विचारलं.

तेवढ्यात मोहरीच्या तेलाचा झणका नाकात गेला आणि दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पमधली आमची जुनी खोली आठवली. आम्ही सगळे रत्नागिरीकडचे. एका शुक्रवारी कॅम्प बॉसनं आमच्यात बिहारचे चौघे घुसवले. त्यांनी आमच्याच शेगडीवर हे तेल तापवलं. त्या वासानं माझं डोकं फिरलं. मी कढई उचलली आणि बाहेर वाळूत उपडी केली.

"इधर ये नहीं चलेगा," मी म्हणालो.

त्यांच्यातला रामेश्वर कढई पुसत शांतपणे म्हणाला, "भाई, कमरा तेरा भी नहीं है."

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. वर्षभरात आम्ही सगळे त्याच्याच तेलात मासे तळायला लागलो, तरी नाही.

लेक उत्तराची वाट बघत होती.

"सगळ्यांना नसेल मारलं," मी म्हणालो. "पण आधीपासून राहणाऱ्यांना या नव्यानं आलेल्यांना मारावंसं नक्की वाटलं असेल."