मावशीने सोडलेला सूर

आमची मावशी नगरपालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची आणि प्रत्येक वाद्याचे सुरांचे कागद लिहायचं कामही तिच्याकडेच होतं. पियानोसाठी लिहिलेलं गाणं कॉर्नेटवाल्याने जसंच्या तसं वाजवलं, तर ते एक सूर खाली वाजतं. म्हणून त्याच्या कागदावर सगळं एक सूर वर लिहावं लागतं. सॅक्सोफोनचे नखरे आणखी निराळे. मावशी हे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायची. एकदा बसली की दूध उतू गेलं तरी उठायची नाही, आणि मध्ये बोलणाऱ्याची खैर नसायची.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्याच बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे; ट्रम्पेटसारखंच, पण आखूड, ओठ दातांवर दाबून फुंकायचं वाद्य. पुढचे दात गेले, कवळी आली आणि बँडच्या शोकगीतातला सगळ्यांत वरचा सूर फुटायला लागला. एकदा तर भर अंत्ययात्रेत फुटला. बँडमास्तरांनी तोंडावर सांगितलं, "पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." बँड सुटला तर हा माणूस खचणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

मावशीने अख्खं शोकगीत, सगळ्या वाद्यांसाठी, एक सूर खाली उतरवून लिहिलं. मास्तरांना तिने कसं पटवलं कोण जाणे. काकांना मात्र म्हणाली, "मास्तरांनाच तसं हवंय."

तालमीला मीही गेलो होतो. काकांचा वरचा सूर अगदी स्वच्छ लागला. पुढे एका जागी सगळे थांबतात आणि एकटी क्लॅरिनेट तिचा सगळ्यांत खालचा सूर धरते. मावशीची ती लाडकी जागा. पण आता तो सूर आणखी खाली गेला होता आणि क्लॅरिनेट तिथवर उतरतच नाही. मावशीने स्वतःच्या कागदावर ती जागा रिकामी सोडली होती. त्या जागी कुणीच काही वाजवलं नाही. काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर काकांनी बूटही काढले नाहीत. "तुझा सूर कुठे गेला?"

"त्या एका सुरावाचून कुणाचं अडलंय?"

"माझं अडलंय. जुनेच कागद काढ. माझी वरची ओळ बँडमधली ती ट्रम्पेटवाली वाजवेल. मला खालची एखादी लिहून दे, या दातांना झेपेल अशी."

"अहो, पण तुमची जागा..."

"लिही म्हणतो ना!"

मावशीने कोरा कागद ओढला. ती रडत रडत लिहीत होती आणि काका शेजारी बसून कुठला सूर कुठे मांडायचा ते तिला सांगत होते. बऱ्याचदा चुकीचं सांगत होते. मावशी मात्र त्या दिवशी एकदाही चिडली नाही.