मामाजींनी लावलेला ट्रंककॉल

दिघोरीचं पोस्ट माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामाजींकडे होतं, आणि ऐंशीच्या सुमारास त्या पोस्टात, म्हणजे आमच्याच ओसरीवर, सरकारी फोन आला. मामाजी त्यात इतक्या मोठ्यानं बोलत की मधल्या तारेची गरजच काय, असं मला वाटे. वाटे, पण बोलणार कोणाला? सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. भाजी वाढू का, हेही मी सासूबाईंमार्फत विचारत असे.

पावसाळ्यात, मला आठवा महिना असताना, एके दिवशी सकाळपासून पोटातलं बाळ हलेचना. नाल्याला पूर, बस बंद, नवरा पलीकडे अडकलेला. सासूबाईंनी मामाजींच्या कानावर घातलं आणि त्यांनी भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना ट्रंककॉल लावला.

पण सुनेच्या पोटातलं सासऱ्यानं परक्या बाईला कसं सांगावं? त्यात निम्मं गाव पूर पाहायचं सोडून ओसरीवर जमलेलं. मामाजी घसा खाकरून, भाताच्या खाचराबद्दल बोलावं तसं म्हणाले, "धान गर्भावर हाय बाई, पन सकाळपासून बांधीत काई हालचाल नाई."

पलीकडून फोन ठेवला गेला. मामाजी वळून म्हणाले, "शेतकी खात्यात पुसा म्हनते."

मला रडूच फुटलं. पुन्हा फोन लागला तेव्हा त्यांनी मान खाली घालून सरळ सांगितलं. मग बाईंचे प्रश्न सुरू झाले. प्रश्न मामाजींकडून सासूबाईंकडे, तिथून दाराआड माझ्याकडे, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. एक "नाही" पोचेपर्यंत माझा जीव जात होता. शेवटी मामाजींनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. लोकांना म्हणाले, "तमाशा हाय का इथं? चाला घरी." सासूबाईंना म्हणाले, "तिलेच बोलू दे." आणि छत्री घेऊन अंगणात पाठमोरे उभे राहिले.

बाई म्हणाल्या, गूळपाणी पी, डाव्या कुशीवर पड, तासाभरात हललं नाही तर डोंग्यातून का होईना, नाला ओलांडून इकडे निघ. सासूबाई डोंगेवाल्याला सांगायला गेल्या. मी फोनजवळच आडवी झाले. बराच वेळ काहीच नाही. मग फासळीखाली असा टोला बसला की माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मामाजी, हललं."

ते धावत आले, घाईघाईनं फोन जोडून घेतला आणि डॉक्टरीणबाईंना आधी सांगितलं, "सूनबाई मायासंग बोलली." मग आठवल्यावर म्हणाले, "आन् पोरगंही हाललं."