धरणातली ज्वारी

उपग्रहाच्या चित्रात पीक लाल दिसतं. आमच्या जिल्ह्याची तसली चित्रं टेबलावर पसरून, त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून मी हिवाळाभर रेघा ओढत होते. एकसारखा दिसणारा तुकडा पेन्सिलीनं वेढायचा आणि आत त्याचं नाव लिहायचं: पीक, पाणी, पडीक, पांढरी. पांढरी म्हणजे गावठाण, घरांची जागा. मग वर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचा आणि प्रत्येक चौकटीचं अक्षर ऑपरेटरला वाचून दाखवायचं. तो ते संगणकात भरायचा. फाइलीत एका चौकटीला एकाच अक्षराची जागा होती, तीही इंग्रजी.

मी इंग्रजी शाळेतली. इंग्रजी नावांची पहिली अक्षरं घ्यावीत असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. आमच्या कामाचे प्रमुख सर म्हणाले, "शब्द शेतकऱ्याचे पाहिजेत. कुणासाठी करतोय आपण हे?" तेही खरंच होतं. पण चारही शब्द 'पी'नंच सुरू होत होते. पिकाला मोठा पी मिळाला, पाण्याला छोटा. पडीकला मोठा डी, पांढरीला छोटा.

फ्लॉपी मुख्य केंद्रात गेली आणि तिथून रंगीत नकाशा छापून आला. ऑपरेटर पेडगावचा. त्यानं नकाशा उजेडाकडे धरला.

"ताई, येलदरीच्या धरणात ज्वारी पेरली बगा. अन् आमचं पेडगाव पडीक. कुणी ऱ्हातच न्हाई म्हणं तिथं!"

आमचा प्रोग्रॅम फाइल साठवताना सगळी अक्षरं मोठी करत होता. भरताना पडद्यावर छोटी दिसायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पाण्याचं पीक झालं होतं, गावांचं पडीक. सगळं पुन्हा भरायला हवं होतं.

मला हसू आलं नाही. माझ्या नेमणुकीची ऑर्डर महिनाअखेरपर्यंतच होती. घरी एक स्थळ आलं होतं. बाबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "ऑर्डर वाढली तर थांबू. नाही तर त्यांना होकार कळवतो." मुलगा वाईट नव्हता. मला अजून कुठंच जायचं नव्हतं, एवढंच. ते घरी सांगायला शब्द सापडत नव्हते, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही.

सर आले. नकाशा पाहून म्हणाले, "छोट्याच्या जागी दुसरं अक्षर टाका. एवढं काय त्यात?"

घाबरले की मी इंग्रजीत बोलायची. तशीच सुरुवात केली.

"मराठीत सांगा," सर म्हणाले.

"सर, अक्षरच नको. प्रत्येक तुकड्याला नंबर देऊ. चित्राच्या फाइलीत फक्त नंबर भरायचे. कुठल्या नंबरचं नाव काय, ते दुसऱ्या फाइलीत लिहायचं. तिथं अख्खा शब्द मावतो. उद्या पडीक रानात कुणी पेरलं, तर तिथली एक ओळ बदलायची."

ऑपरेटर खुर्चीत वळला. "म्हंजे नाव बदलायचं झालं तर चित्राला हात लावायला नको?"

"नको."

"मग नामांतर सोपंच की हो!" सर हसले.

दुसरं कुणी हसलं नाही. ऑपरेटर पुन्हा पडद्याकडे वळला आणि रिकाम्या पडद्याकडेच बघत राहिला. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नावापायी या शब्दावरून बाजार बंद व्हायचा, एसटी थांबायची, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा व्हायचा. आमची खोलीही तशीच बंद झाली. सरांनी घसा खाकरला. "ठीक आहे. करा तसंच," म्हणाले आणि गेले.

ऑर्डर वाढली. तीत तारीख नव्हती, 'काम पूर्ण होईपर्यंत' एवढंच होतं. बाबांनी ती दोनदा वाचली आणि स्थळाकडून मुदत मागून घेतली. तेव्हापासून जेवताना रोज एकच प्रश्न यायचा.

"किती राहिलं?"

"बरंच आहे."

दिवसभर नंबर वाचून घसा सुकायचा. डोळे मिटले तरी चौकटी दिसायच्या. काम लवकर उरकावं असंही वाटायचं आणि उरकलं तर पुढं काय, म्हणून हात जडही व्हायचा. त्यात लाईट जायची. न साठवलेल्या ओळी पुसल्या जायच्या आणि त्या पहिल्यापासून भराव्या लागायच्या.

"लय वैताग हाय ह्या लाईटीचा," ऑपरेटर टेबलावर हात आपटायचा. "ताई, तुमाला रागच येत न्हाई का वो?"

मी खिडकीजवळ जाऊन पेन्सिलीला टोक करत बसायची.