आईने सोडलेली सुरमई

पप्पांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी गोव्याला नेलं, त्या दिवशी आईने आम्हाला न विचारता देवाशी सौदा केला. हे सुखरूप घरी आले तर जन्मभर मासळी खाणार नाही. आम्ही मालवणचे कॅथलिक. उपवासकाळात मटण बंद, म्हणून तर घरात मासे जास्तच येतात. आणि सुरमईशिवाय जेवण म्हणजे आईला शिक्षा. नवसाची ही तऱ्हा तिने शेजारच्या काकींकडून उचलली होती. काकींच्या देवाला नवसाची सवय आहे, आमच्याला कुणी विचारलं होतं?

पप्पा ठणठणीत होऊन आले आणि आल्या आल्या सुरमईच्या कढीची चौकशी सुरू केली. आई चव न बघता रांधायची, वाढायची आणि स्वतः डाळभात कालवत बसायची. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. मला तिचा रागच यायचा.

फादर पप्पांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरी आले, तेव्हा मी सरळ चहाडी केली. ते आईला म्हणाले, नवसातून मी तुम्हाला मोकळं करतो, पण देवाचा करार म्हणजे सौदा नव्हे. मग अब्राहामाची गोष्ट सांगितली. त्या काळी करार करणारे कापलेल्या जनावरांच्या मधून चालत जायचे. शब्द मोडला तर आपलंही असंच होवो, म्हणून. पण देवाने करार केला तेव्हा अब्राहाम गाढ झोपला होता आणि मधून गेला तो एकटा देवच. तोच शब्द येशूने क्रुसावर स्वतःच्या रक्ताने पाळला, म्हणून चर्चमध्ये मिस्साच्या विधीत आपण द्राक्षारसाच्या प्याल्याला नवा करार म्हणतो.

आईने मान डोलावली आणि दुपारी पुन्हा डाळभात घेतला. मी चिडून कारण विचारलं.

"मी मासळी खाल्ल्यार ह्यांका काय झाला तर?"

म्हणजे हा हट्ट नव्हता. ती इतके दिवस घाबरलेली होती आणि मी तिच्यावर चिडत होते. मला फार वाईट वाटलं.

पप्पांनी आपल्या ताटातला सुरमईचा तुकडा उचलून तिच्या भातावर ठेवला.

"ऑपरेशनच्या टेबलार मी पण झोपलेलंय गो," ते म्हणाले. "जागो होतो तो एकटो देवच."

आई बराच वेळ नुसता काटा काढत बसली. मग रडत रडत तो तुकडा खाल्ला आणि म्हणाली, मीठ कमी आहे, इतके दिवस कुणी बोललं कसं नाही.